एडवर्ड केनेडी आणि अमेरिकेतील बालक आरोग्य विमा कार्यक्रम

एडवर्ड मूर केनेडी (२२ फेब्रुवारी, १९३२ - २५ ऑगस्ट, २००९) हे अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी होते. १९६२ पासून मृत्यूपर्यंत ते मॅसॅच्युसेट्स राज्याचे सेनेटर होते. राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी आणि सेनेटर रॉबर्ट केनेडी हे त्यांचे थोरले भाऊ. सर्व नागरिकांना आरोग्य विमा मिळावा, या मागणीचा त्यांनी चार दशके पाठपुरावा केला. १९९७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने संमत केलेला बालक आरोग्य विमा कार्यक्रम हे त्यांच्या आरोग्यविषयक कामातील एक महत्त्वाचे यश मानले जाते. रिपब्लिकन पक्षाचे युटा राज्यातील सेनेटर ऑरिन हॅच यांच्या साहाय्याने केनेडी यांनी हा प्रस्ताव पुढे नेला.

मेडिकेड या सरकारी योजनेस पात्र ठरण्याइतके उत्पन्न कमी नाही, परंतु खाजगी विम्याचे हप्ते भरण्याइतके ते पुरेसेही नाही, अशा कुटुंबांतील मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. १९६५ मधील मेडिकेड कायद्यानंतर अमेरिकेत मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याचा झालेला हा सर्वांत मोठा विस्तार होता. मात्र तो संमत होण्यासाठी केनेडी यांना मूळ मागणीत तडजोड करावी लागली. या तडजोडीमुळे कार्यक्रमाला दोन्ही पक्षांचा पाठिंबा मिळाला, परंतु त्याच्या निधीला कायमचे संरक्षण मिळाले नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत बहुतेक नोकरदारांना आरोग्य विमा मालकाकडून, म्हणजे नोकरीचा भाग म्हणून मिळतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन योजना सुरू झाल्या. मेडिकेडचा खर्च संघीय सरकार आणि राज्य सरकारे मिळून करतात. सुरुवातीस या योजनेचा लाभ प्रामुख्याने रोख सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांपुरता मर्यादित होता. आईवडील काम करीत असतील, तर उत्पन्न थोडे असूनही त्यांची मुले अनेकदा अपात्र ठरत.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी अर्थसंकल्पीय कायद्यांमध्ये लहान लहान तरतुदी समाविष्ट करून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल केली. १९८९ च्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांना मेडिकेडमध्ये घेणे राज्यांना बंधनकारक झाले. १९९० च्या कायद्याने दारिद्र्यरेषेखालील मोठ्या मुलांचाही क्रमाक्रमाने समावेश करण्याचे ठरले. असे असूनही १९९० च्या दशकाच्या मध्यास देशात सुमारे एक कोटी मुले विम्याविना होती. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या घरी किमान एक पालक नोकरी करीत होता, परंतु त्या नोकरीतून विमा मिळत नव्हता किंवा त्याचा हप्ता परवडत नव्हता.

केनेडी यांचा आरोग्य विम्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन

जून १९६४ मध्ये एका विमान अपघातात केनेडी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि त्यांना अनेक महिने रुग्णालयात राहावे लागले. १९७३ मध्ये त्यांचा १२ वर्षांचा मुलगा एडवर्ड याला हाडांचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याचा उजवा पाय कापावा लागला आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षे रासायनिक उपचार चालले. रुग्णालयात केनेडी यांची भेट अशाच आजाराच्या मुलांच्या पालकांशी होत असे. उपचार आरंभी संशोधनाचा भाग असल्यामुळे मोफत होते, पण नंतर त्यांचा खर्च कुटुंबांवर आला. ज्यांच्याकडे पुरेसा विमा नव्हता, ते पालक सर्व मात्रांऐवजी निम्म्याच मात्रा दिल्या तर मूल वाचण्याची शक्यता किती राहील, असे डॉक्टरांना विचारीत. सेनेटर म्हणून केनेडी यांना स्वतःला उत्तम विमा उपलब्ध होता. हा अनुभव त्यांनी पुढे आपल्या भाषणांतून आणि लेखनातून वारंवार सांगितला.

१९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सर्वांसाठी एकच राष्ट्रीय आरोग्य विमा असावा, असा प्रस्ताव मांडला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मालकांमार्फत विमा देण्याची पर्यायी योजना मांडली, तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये वाटाघाटी झाल्या, पण त्या निष्फळ ठरल्या. ती संधी न स्वीकारल्याची खंत केनेडी यांनी उत्तरायुष्यात व्यक्त केली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सार्वत्रिक विम्याची योजनाही १९९४ मध्ये कोसळली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली. त्यानंतर केनेडी यांनी संपूर्ण योजनेऐवजी एकेक भाग संमत करून घेण्याचा मार्ग धरला. १९९६ मध्ये त्यांनी कॅन्ससच्या रिपब्लिकन सेनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांच्यासह नोकरी बदलतानाही विमा टिकवून ठेवणारा कायदा संमत करवून घेतला. मुलांचा विमा हा त्याच मार्गावरील पुढचा टप्पा होता.

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण

राष्ट्रीय कार्यक्रमाची कल्पना केनेडी यांना आपल्याच राज्यातून मिळाली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये मुलांच्या विम्याचा विस्तार करणारा कायदा केला आणि त्याच्या खर्चासाठी सिगारेटच्या पाकिटावरील राज्य करात २५ सेंटची वाढ केली. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी कायद्यावर नकाराधिकार वापरला होता, परंतु विधिमंडळाने तो फेटाळला. केनेडी यांनी या कायद्याशी संबंधित आमदार आणि बॉस्टन येथील बालरोगतज्ज्ञ यांच्याशी चर्चा केली आणि हीच रचना देशभर राबविता येईल, असे ठरविले.

या रचनेचे दोन राजकीय फायदे होते. लाभार्थी मुले असल्यामुळे प्रस्तावाला थेट विरोध करणे अवघड होते. खर्चाची तरतूद तंबाखूवरील करातून होत असल्यामुळे अर्थसंकल्पीय तूट वाढते, हा आक्षेपही टिकत नव्हता. १९९६ च्या उत्तरार्धात केनेडी यांनी मॅसॅच्युसेट्सचे दुसरे सेनेटर जॉन केरी यांच्यासह पहिले विधेयक मांडले. त्यात सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर ७५ सेंटची करवाढ सुचविली होती. सेनेटमध्ये रिपब्लिकन बहुमत असल्यामुळे हे विधेयक पुढे सरकले नाही.

हॅच यांचे सहकार्य

ऑरिन हॅच हे विचाराने पुराणमतवादी होते आणि त्यांनी १९७६ ची निवडणूक केनेडी यांच्यासारख्या उदारमतवाद्यांना रोखण्याच्या निर्धाराने लढविली होती. तरीही सेनेटच्या समितीमध्ये एकत्र काम करताना दोघांमध्ये मैत्री झाली. एड्सग्रस्तांच्या उपचारांसाठी निधी देणाऱ्या १९९० च्या कायद्यावर त्यांनी एकत्र काम केले होते. हॅच हे मॉर्मन पंथाचे असून त्या पंथात तंबाखूसेवन निषिद्ध आहे. गरीब पण कष्टाळू कुटुंबांच्या मुलांना उपचार मिळणे ही समाजाची नैतिक जबाबदारी आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हॅच यांचा पाठिंबा मिळविण्यासाठी विधेयकात महत्त्वाचे बदल करण्यात आले. करवाढ ७५ सेंटवरून ४३ सेंटवर आली. पाच वर्षांत जमा होणाऱ्या अंदाजे ३० अब्ज डॉलरपैकी २० अब्ज मुलांच्या विम्यासाठी आणि १० अब्ज तूट कमी करण्यासाठी राखून ठेवण्यात आले. सर्वांत मोठा बदल योजनेच्या स्वरूपात होता. मेडिकेडमध्ये पात्र व्यक्तीला लाभ मिळणे हा तिचा कायदेशीर हक्क असतो आणि लाभार्थी वाढले की सरकारचा खर्चही आपोआप वाढतो. नव्या कार्यक्रमात मात्र राज्यांना ठरावीक रकमेचे अनुदान मिळणार होते आणि ती रक्कम संपल्यावर संघीय सरकारवर अधिक देण्याचे बंधन नव्हते. केनेडी यांचा कल हक्काच्या योजनेकडे होता. तरीही त्यांनी हा बदल मान्य केला.

१९९७ मधील संसदीय संघर्ष

एप्रिल १९९७ मध्ये केनेडी-हॅच विधेयक मांडले गेले. रिपब्लिकन पक्षातील अनेकांना हॅच यांची भूमिका रुचली नाही. सेनेटमधील बहुमताचे नेते ट्रेंट लॉट यांनी सरकारचा आवाका वाढविणारी योजना म्हणून त्यास विरोध केला. सिगारेटची विक्री घटली तर कराचे उत्पन्नही घटेल आणि कार्यक्रमाला पैसा अपुरा पडेल, असाही आक्षेप घेण्यात आला. लोक धूम्रपान सोडत असतील तर ते स्वागतार्हच आहे आणि त्यामुळे आजारपणावरील खर्चही वाचेल, असे केनेडी यांचे उत्तर होते.

त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि रिपब्लिकन नेते यांच्यात अर्थसंकल्पातील तूट संपविण्याबाबत समझोता झाला. त्यात मुलांच्या विम्यासाठी पाच वर्षांत १६ अब्ज डॉलरची तरतूद होती, परंतु तंबाखूवरील करवाढ नव्हती. मे महिन्यात केनेडी आणि हॅच यांनी अर्थसंकल्पीय ठरावाला आपली योजना दुरुस्तीच्या रूपाने जोडण्याचा प्रयत्न केला. ही दुरुस्ती स्वीकारली गेल्यास समझोता मोडेल, अशी धमकी रिपब्लिकन नेत्यांनी दिली. क्लिंटन यांनी स्वतः सेनेटरांना दूरध्वनी करून दुरुस्तीला पाठिंबा न देण्याची विनंती केली. ५५ विरुद्ध ४५ मतांनी दुरुस्ती बाजूला सारण्यात आली. स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षांच्या या भूमिकेमुळे केनेडी संतप्त झाले.

मात्र प्रयत्न येथे थांबले नाहीत. बालहक्क संघटना, बालरोगतज्ज्ञ आणि धार्मिक संस्था यांनी प्रस्तावाच्या बाजूने मोहीम चालविली. व्हाइट हाउसमध्ये हिलरी क्लिंटन यांनी योजनेचा पाठपुरावा केला. सेनेटमध्ये जॉन चेफी आणि जे रॉकफेलर यांनी मेडिकेडचाच विस्तार करावा, असा वेगळा प्रस्ताव मांडला होता, त्यामुळे मुलांच्या विम्याचा विषय चर्चेत राहिला. जूनमध्ये सेनेटच्या वित्त समितीने सिगारेटवर २० सेंटची करवाढ स्वीकारून मुलांच्या विम्यासाठी ८ अब्ज डॉलर वाढविले. अंतिम वाटाघाटींत करवाढ १५ सेंटवर आली, पण पाच वर्षांसाठीची एकूण २४ अब्ज डॉलरची तरतूद कायम राहिली. हा कार्यक्रम संतुलित अर्थसंकल्प कायद्याचा भाग झाला. प्रतिनिधिगृहाने तो ३४६ विरुद्ध ८५ आणि सेनेटने ८५ विरुद्ध १५ मतांनी संमत केला. ५ ऑगस्ट, १९९७ रोजी क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

कार्यक्रमाची रचना

सामाजिक सुरक्षा कायद्यात एकविसावे प्रकरण जोडून हा कार्यक्रम अस्तित्वात आला. दहा वर्षांसाठी सुमारे ४० अब्ज डॉलरची संघीय तरतूद करण्यात आली. त्याची प्रमुख वैशिष्ट्ये अशी होती:

पात्रता: १९ वर्षांखालील, विमा नसलेली मुले. सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या दुप्पट होती. १९९७ मध्ये चार जणांच्या कुटुंबासाठी दारिद्र्यरेषा वार्षिक १६,०५० डॉलर होती. ज्या राज्यांत मेडिकेडची मर्यादा आधीच अधिक होती, त्यांना याहून वर जाण्याची मुभा होती.

राज्यांना पर्याय: मेडिकेडचा विस्तार करणे, स्वतंत्र योजना सुरू करणे किंवा दोहोंचा मेळ घालणे, यांपैकी एक मार्ग राज्याने निवडायचा होता. न्यू यॉर्क, फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत आधीपासून चालू असलेल्या बालविमा योजनांचे लाभ कायद्याने मान्य केले.

खर्चाची विभागणी: राज्यांना आकृष्ट करण्यासाठी संघीय वाटा मेडिकेडपेक्षा अधिक ठेवण्यात आला. राज्यागणिक तो किमान ६५ टक्के आणि कमाल ८५ टक्के होता.

कुटुंबाचा वाटा: राज्यांना थोडा हप्ता आकारता येत असे, परंतु कुटुंबावरील एकूण भार वार्षिक उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये, असे बंधन होते. लसीकरण आणि नियमित बालआरोग्य तपासणी यांसाठी कोणतेही शुल्क घेता येत नव्हते.

पात्र मुलांची नोंदणी वाढावी म्हणून राज्यांनी अर्ज सोपे केले आणि शाळा, दवाखाने यांच्यामार्फत प्रचार केला. नोंदणीसाठी आलेली अनेक मुले प्रत्यक्षात मेडिकेडलाच पात्र असल्याचे आढळले आणि त्यांची तेथे नोंद झाली. त्यामुळे नव्या कार्यक्रमाचा लाभ जुन्या योजनेलाही झाला.

२००७ चा नकाराधिकार आणि २००९ चा विस्तार

मूळ कायद्यातील निधीची मुदत २००७ मध्ये संपत होती. तेव्हा काँग्रेसने कार्यक्रमासाठी पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलर वाढवून देणारे विधेयक संमत केले. केनेडी आणि हॅच दोघांनीही त्यास पाठिंबा दिला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ३ ऑक्टोबर, २००७ रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. मध्यमवर्गीय कुटुंबे खाजगी विमा सोडून सरकारी योजनेकडे वळतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. नकाराधिकार फेटाळण्यासाठी प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मतांची आवश्यकता होती. प्रस्तावाच्या बाजूने २७३ आणि विरोधात १५६ मते पडली, म्हणजे १३ मते कमी पडली. डिसेंबरमध्ये बुश यांनी सुधारित विधेयकही नाकारले आणि कार्यक्रमाला मार्च २००९ पर्यंत तात्पुरती मुदतवाढ मिळाली.

याच वर्षी मेरिलँड राज्यात एका १२ वर्षांच्या मुलाचा दातातील संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यू झाला होता. या घटनेमुळे दंतोपचार विम्यात अनिवार्य असावेत, ही मागणी पुढे आली.

४ फेब्रुवारी, २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी पुनर्मंजुरी कायद्यावर स्वाक्षरी केली. पदग्रहणानंतर अवघ्या दोन आठवड्यांत झालेला हा त्यांच्या कारकिर्दीतील आरंभीच्या कायद्यांपैकी एक होता. त्याद्वारे साडेचार वर्षांसाठी सुमारे ३३ अब्ज डॉलर अधिक मिळाले, दंतोपचार अनिवार्य झाले आणि सिगारेटवरील संघीय कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट झाला. कायदेशीररीत्या स्थलांतरित झालेल्या मुलांना पाच वर्षे प्रतीक्षा न करता लाभ देण्याची मुभाही राज्यांना मिळाली. या तरतुदीला विरोध म्हणून हॅच यांनी विधेयकाविरुद्ध मत दिले. केनेडी यांना मे २००८ मध्ये मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. पुनर्मंजुरीनंतर सुमारे सहा महिन्यांनी त्यांचे निधन झाले. सर्वसाधारण आरोग्य विम्याच्या विस्ताराचा कायदा मार्च २०१० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर झाला.

परिणाम

राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९७ मध्ये अमेरिकेतील सुमारे १४ टक्के मुले विम्याविना होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले. याच काळात नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचे प्रमाण घटत असल्यामुळे ही घट मुख्यत्वे मेडिकेड आणि बालक आरोग्य विमा कार्यक्रम यांमुळे झाली. २०१८ च्या सुमारास वर्षभरात कधी ना कधी या कार्यक्रमात नोंद असलेल्या मुलांची संख्या ९० लाखांहून अधिक होती.

टीका आणि मर्यादा

कार्यक्रमावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. सरकारी विमा उपलब्ध झाल्याने काही कुटुंबे खाजगी विमा सोडतात आणि त्यामुळे सरकारी पैसा आधीच विमा असलेल्यांवर खर्च होतो, असे पुराणमतवादी टीकाकारांचे म्हणणे होते. असे किती प्रमाणात घडले, याबाबत अभ्यासकांमध्ये एकमत नाही.

दुसऱ्या बाजूची टीका अनुदानाच्या स्वरूपावर होती. लाभ हा हक्क नसल्यामुळे स्वतंत्र योजना चालविणाऱ्या राज्यांना पैसा कमी पडताच नवी नोंदणी थांबविता येत असे. नॉर्थ कॅरोलायनाने २००१ मध्ये काही महिने नोंदणी बंद ठेवली. ॲरिझोनाने २०१० च्या आरंभी ती थांबविली आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या काळात पात्र असूनही मुलांना प्रवेश मिळाला नाही.

संघीय निधीलाही ठरावीक मुदत असते. ३० सप्टेंबर, २०१७ रोजी ही मुदत संपली, तेव्हा हॅच सेनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते. कार्यक्रमाला उघड विरोध नसतानाही इतर वादांमुळे निर्णय रखडला. कोलोरॅडो आणि व्हर्जिनिया या राज्यांनी विमा बंद होऊ शकतो, अशी सूचनापत्रे लाभार्थी कुटुंबांना पाठविली. २२ जानेवारी, २०१८ रोजी सहा वर्षांची आणि ९ फेब्रुवारी रोजी आणखी चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. पुढील कायद्याने ही मुदत २०२९ पर्यंत वाढविली. त्याच कायद्यानुसार १ जानेवारी, २०२४ पासून एकदा नोंद झालेल्या मुलाचा विमा, कुटुंबाचे उत्पन्न बदलले तरी, सलग १२ महिने चालू ठेवणे राज्यांना बंधनकारक आहे.

श्रेयाचा प्रश्न

२००७-०८ मधील राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या स्पर्धेत या कार्यक्रमाचे श्रेय कोणाचे, असा वाद निर्माण झाला. हिलरी क्लिंटन यांनी आपल्या कार्याचा उल्लेख केला, तर हॅच यांनी व्हाइट हाउसने आरंभी योजनेला विरोध केल्याची आठवण करून दिली. केनेडी यांनी स्वतः २००७ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या पाठपुराव्याशिवाय हा कार्यक्रम अस्तित्वात आला नसता, असे म्हटले होते. मे १९९७ मधील पराभव आणि जूनमधील वित्त समितीचा निर्णय लक्षात घेता दोन्ही विधाने परस्परविरोधी ठरत नाहीत. व्हाइट हाउसला आधी अर्थसंकल्पीय समझोता वाचवायचा होता. तो सुरक्षित झाल्यावर अधिक निधीसाठी त्याचा पाठिंबा मिळाला.